थत्तेबाईंच्या पडद्यावरचं पाणी

१९९९ च्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा चित्रकलेच्या खोलीला नवं कुलूप होतं. उमा थत्ते आपली जुनी किल्ली त्यात घालून फिरवून बघत होत्या, तेवढ्यात शिपाई हरिबा जिन्याखालून बाहेर आला.

"बाई, तुमचं सामान हिकडं हलवलंय," तो खाली बघत म्हणाला.

जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्यांचे ड्रॉइंग बोर्ड, मुलींची स्टुलं, प्लास्टरचे आंबे-पेरू आणि रंगांचे डबे एकावर एक रचून ठेवले होते. बाईंनी खिडकीच्या फटीतून खोलीत डोकावून पाहिलं. आत टेबलांवर सहा संगणक प्लास्टिकची कव्हरं पांघरून बसले होते.

सांगलीच्या गावभागातली ही मुलींची शाळा. थत्तेबाई मूळच्या वाईच्या. लग्न होऊन सांगलीला आल्या आणि लगेचच इथं चित्रकला शिकवायला लागल्या. त्याला वीसच्या वर वर्षं झाली असतील. ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलींच्या किती पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आवाज चढवायची सवय नाही, पण ब्रश धुतल्याशिवाय कुणाला वर्गाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, अशा बाई.

मोठ्या बाईंनी त्यांना ऑफिसात बसवून घेतलं आणि सरळच सांगितलं. "उमाताई, चित्रकलेचे तास यंदापासून संगणकाला दिलेत. मयूरी म्हणून आपली एक माजी विद्यार्थिनी आहे, तिच्या कंपनीतले हे संगणक तिनं शाळेला पाठवलेत. ते नुसते धूळ खात ठेवून कसं चालेल? तुम्ही शिकून घ्या आणि शिकवा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्ही अतिरिक्त ठराल. मग बदली जतला होईल की आटपाडीला, ते माझ्या हातात नाही."

संध्याकाळी मधुकरराव मिरज जंक्शनवरची ड्यूटी संपवून घरी आले. बायकोचं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "एवढा त्रास कशाला करून घेतेस? सोड नोकरी. आपलं भागेल."

"भागण्याचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "मला त्या खोलीतून बाहेर काढलंय. मला परत आत जायचंय."

त्या आठवड्यातच त्या विश्रामबागेतल्या वीरधवल जाधवांच्या क्लासमध्ये जाऊन बसल्या. शाळेतले संगणक याच जाधवांनी लावून दिले होते. मूळ गाव विट्याजवळ. गावातली निम्मी पुरुषमाणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, देशभर पांगलेली. हे मात्र पलटणीत गेले, सिग्नलमध्ये, म्हणजे तारेवरचे संदेश घेणाऱ्या विभागात, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि सांगलीत येऊन त्यांनी संगणकाचा क्लास काढला. बोलणं गावाकडचं, शिस्त पलटणीची. सगळे त्यांना हवालदारच म्हणत.

हवालदारांनी शाळेच्या संगणकांवर लिनक्स चढवलं होतं. संगणक चालवणारी ही प्रणाली कुणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती. जगभरच्या लोकांनी ती मिळून लिहिली होती, आतलं सगळं लिखाण उघडं ठेवलं होतं, ज्याला हवं त्यानं वाचावं आणि बदलावं. ही गोष्ट थत्तेबाईंना पहिल्याच दिवशी आवडली. पण पडदा बघून त्यांचा चेहरा पडला. सगळा काळाकुट्ट, आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं.

"चित्रं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"चित्रं कशाला लागत्यात, बाई? हुकूम द्यायचा, काम करून घ्यायचं," हवालदार म्हणाले. "आमी सगळी नोकरी हेडफोनवर टिकटिक ऐकत काढली. चित्राबिगर काय अडलं न्हाई."

बाई शिकल्या. हळूहळू शिकल्या, पण घोटून शिकल्या. ऑगस्टपासून त्या खोलीत उभ्या राहून शिकवायलाही लागल्या. मुली मात्र शिकेनात. पांढऱ्या अक्षरांकडं बघता बघता त्या जांभया देत, बाकाखाली एकमेकींच्या तळहातावर पेनानं नक्षी काढत. आठवीतली अबोली एकदा अगदी साधेपणानं म्हणाली, "बाई, हे फळ्यासारखंच आहे. फक्त पुसायला डस्टर नाही."

गणपतीनंतर मोठ्या बाईंनी पुन्हा बोलावलं. संस्थेच्या अध्यक्षांचा एका खाजगी क्लासवाल्यांना खोली चालवायला द्यायचा विचार होता. ते लोक त्यांचे संगणक आणणार, त्यांचेच शिक्षक ठेवणार. डिसेंबरच्या संमेलनात प्रदर्शन असतं, तेव्हा अध्यक्ष खोली बघतील आणि ठरवतील.

"मुलींनी प्रदर्शनात काय दाखवायचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

उत्तर मिळालं ते हवालदारांच्या क्लासमध्ये पडलेल्या एका संगणकाच्या मासिकात. कुणा परदेशी माणसाच्या पडद्याचा फोटो त्यात छापला होता. लिनक्सच, पण ओळखू न येणारं. मागं डोंगराचं चित्र, त्यावर खिडक्या, आणि त्या खिडक्या अर्धपारदर्शक. अक्षरांच्या मागून डोंगर दिसत होता. जलरंगात पहिला हात वाळल्यावर वरून दुसरा पातळ हात द्यावा आणि खालचं तसंच झिरपत दिसावं, तसं. बाई ते पान बराच वेळ धरून बसल्या.

"हे आपल्या मशीनवर होईल?"

हवालदारांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे नखरं हायत, बाई. मशीन दमतंय नुसतं."

"होईल का नाही, एवढंच सांगा."

हवालदारांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगू का? गेल्या साली मी एकदा बसलो हुतो. न्हाई जमलं. तवापासनं त्याला नखरं म्हणतोय."

बाई हसल्या. "मग दोघं बसू."

शाळा सुटल्यावरची वेळ ठरली. मोठ्या बाईंनी खोलीची किल्ली दिली. पहिलं भांडण झालं ते मॉनिटरशी. पडदा किती वेगानं रंगवायचा, याचे आकडे एका फाइलीत लिहून द्यावे लागत, आणि ते मॉनिटरला झेपतील असेच असावे लागत. मॉनिटरचं माहितीपुस्तक कुठं गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्याच प्रयत्नाला पडद्यावर तिरप्या रेघा धावायला लागल्या आणि आतून शिट्टी वाजल्यासारखा बारीक आवाज आला. हवालदारांनी झडप घालून बटण बंद केलं.

"जळलं असतं," ते कपाळ पुसत म्हणाले. "दुसऱ्याचं सामान हाय, बाई."

मग ते खालच्या आकड्यांपासून सुरू करून सावकाश वर चढत गेले. प्रत्येक वेळी हवालदारांचा हात बटणावर आणि बाईंचे डोळे पडद्यावर. "थरथरतंय," त्या म्हणायच्या. "आता थरथर कमी आहे." "आता स्थिर आहे, पण डावीकडं सरकलंय." असं करत करत एका संध्याकाळी पडदा शांत उभा राहिला.

दुसरी अडचण मोठी होती. खिडक्यांना हे रूप देणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडच्या सीडीवर नव्हता. सांगलीच्या सायबर कॅफेतून उतरवून घ्यायचा म्हटलं, तर मध्येच फोनची लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हवालदारांचा चुलतभाऊ नाथाजी बंगळूरला गलाईचं दुकान चालवायचा. त्याच्या दुकानाच्या वर संगणकाच्या कंपनीतली पोरं भाड्यानं राहायची. हवालदारांनी त्याला फोन करून प्रोग्रॅमचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं. दिवाळीला नाथाजी गावी आला तो मिरजेला गाडीतून उतरून थेट क्लासमध्येच. बायकोच्या पैठणीच्या घड्यांमध्ये जपून आणलेली सीडी त्यानं काढून टेबलावर ठेवली.

"वरच्या पोरांनी दिली," तो म्हणाला. "म्हणाली, सोनं गाळणाऱ्याला हे कशाला लागतंय? म्हटलं, आमच्या दादाला लागतंय."

सीडीवर तयार प्रोग्रॅम नव्हता, त्याचं कच्चं लिखाण होतं. ते संगणकाकडून बांधून घ्यायचं होतं. हुकूम दिला की अक्षरं झरझर वर सरकत जात आणि कुठंतरी अडकत. अमुक भाग सापडत नाही. तो भाग सीडीत शोधून बांधायला घ्यावा, तर त्याला तिसराच कुठलातरी लागायचा.

"लग्नातल्या मानपानावाणी झालंय," हवालदार वैतागून म्हणाले. "ह्याला आधी बोलवा, त्याला टोपी घाला, मग हे यायचं."

"मग घालू टोपी," बाई म्हणाल्या. "कुणाकुणाची राहिली ते बघा."

दिवाळीची सुट्टी अशी गेली. आणि सुट्टीच्या शेवटी एका दुपारी अक्षरं धावत धावत शेवटाला गेली आणि कुठलीही तक्रार न करता थांबली. हवालदारांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान हलवली. हवालदारांनी हुकूम दिला. काळा पडदा गेला, आणि गडद निळी पाटी उलगडली. कडांना धातूची झाक असलेल्या खिडक्या, आणि माउसचं बटण दाबलं की मागचं आरपार दाखवत उमटणारी यादी. माउस कडेला नेला की अख्खा पडदा सरकत जायचा आणि पलीकडून दुसरा यायचा.

मग हवालदारांनी एक खिडकी धरली आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली. परत आणली. पुन्हा नेली. नखरं म्हणणारा माणूस बराच वेळ तेवढंच करत बसला, आणि थत्तेबाईंनी त्यांना ते करू दिलं.

बाईंनी एक चित्र आधीच तयार ठेवलं होतं. वाईचा घाट, जलरंगातला. कॉलेज रोडवरच्या छापखान्यात ते स्कॅन करून फ्लॉप्यांवर घेतलं होतं. ते त्यांनी मागच्या पाटीवर लावलं आणि दोघंही दचकले. घाटाच्या दगडांवर जांभळे डाग पडले होते. झाडांच्या जागी काळ्या आणि भडक हिरव्या चकत्या, जणू कुणी त्यावर शाईची दौत सांडली होती.

"पडदा रंगवणारं कार्ड गेलं जणू," हवालदार म्हणाले.

"थांबा." बाईंनी चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडला आणि तीन पट्ट्या काढल्या. एक लाल, एक हिरवी, एक निळी, प्रत्येक काळ्यापासून हळूहळू उजळत जाणारी. निळी पट्टी काळ्यापासून निळ्यापर्यंत शांतपणे चढत गेली. हिरवी मात्र निम्म्यावर एकदम काळी पडली आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला लागली. लालचंही तेच.

"निळ्याचं काही बिघडलेलं नाही," बाई पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाल्या. "हिरव्यापासून गडबड सुरू होते, आणि लाल ढकलला जातो. कुणीतरी एकजण जास्त जागा अडवून बसलाय."

हवालदार खुर्चीतच सरळ झाले. "सोळा घरं," ते म्हणाले. "बाई, पडद्यावरच्या एकेका ठिपक्याच्या रंगाला सोळा घरं असत्यात, आकडे ठेवायला. निळ्याला पाच, हिरव्याला सहा, लालला पाच. प्रोग्रॅम सहा देतोय आन् कार्ड पाचच मोजतंय. म्हंजे हिरव्याचं सहावं घर लालच्या अंगणात जातंय."

"हिरव्याला एक जास्त का पण?"

"माणसाच्या डोळ्याला हिरव्यातला फरक लय कळतो म्हणं."

हे बाईंना इतकं पटलं की क्षणभर त्या बिघाड विसरल्याच. उसाचं शेत काढताना एकच हिरवा वापरलात तर पान फाडीन, असं त्या मुलींना आजवर सांगत आल्या होत्या.

हवालदारांनी फाइलीत एक ओळ घातली: तिन्ही रंगांना पाच-पाच घरं. पडदा पुन्हा उघडला. घाट स्वच्छ उभा होता. काळे दगड, पायऱ्यांवर सकाळचं ऊन, देवळामागची गर्द झाडी.

"एक हिरवा कमी मिळाला तुमास्नी," हवालदार म्हणाले.

"चालेल. बाकीचे पुरतील," बाई म्हणाल्या.

आणि तेव्हा त्यांना दिसलं की खिडक्यांच्या त्या प्रोग्रॅमच्या यादीत तळाशी आणखी एक चीज होती. लाटांची. ती चालू केली की पडद्याच्या खालच्या पट्ट्यात वरच्या चित्राचं उलटं प्रतिबिंब पडायचं आणि ते पाण्यासारखं हलायचं. मशीनचा जीव त्यात दमायचा, म्हणून हवालदारांनी दुसऱ्या संगणकातली मेमरी काढून यात बसवली. बाईंनी घरी जाऊन नवा कागद ताणला आणि घाट पुन्हा काढला. या वेळी अगदी शेवटच्या पायरीपर्यंतच. खाली नदी नाही.

वर्गात चित्र दाखवल्यावर अबोली म्हणाली, "बाई, कृष्णा राहिली."

"राहिली नाही," बाई म्हणाल्या. "ती तुम्ही सोडायची आहे."

त्या दिवसापासून खोलीत जांभई दिसली नाही. पाणी कुठल्या फाइलीतून येतं ते मुलींना बघायचं होतं, आणि ते बघायला तीच पांढरी अक्षरं लिहावी लागत होती. आता त्या ती लिहायला लागल्या. कुणी खिडकीच्या कडा पिवळ्या केल्या, कुणी आपल्या रांगोळीची नक्षी यादीच्या मागं घातली. हवालदार आठवड्यातून एकदा फेरी मारायला येत आणि मुलींनी केलेला गोंधळ निस्तरत. त्यांच्या तोंडून "नखरं" हा शब्द पुन्हा आला नाही.

डिसेंबरात संमेलन झालं. प्रदर्शनाच्या दिवशी अध्यक्ष आले, मोठ्या बाई आल्या, आणि पुण्याहून मयूरीही आली, जिनं संगणक दिले होते ती. मागून पालकांची गर्दी. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अबोली संगणकापाशी बसली होती. तिनं खिडक्या सरकवून दाखवल्या, अक्षरांमागून घाट दाखवला. लोक पुढं झुकले. "आणि आता," ती म्हणाली, आणि वीज गेली.

सगळे पडदे एकदम विझले. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं." थोड्या वेळानं वीज आली, पण संगणक उठला तो काळा पडदा घेऊनच, आणि पांढरी अक्षरं एकेक ओळ सरकायला लागली. अबोलीचे डोळे भरून आले.

"बिघडलं का?" अध्यक्षांनी विचारलं.

थत्तेबाई मुलीच्या पाठीवर हात ठेवून पुढं झाल्या. जूनमध्ये हा प्रश्न आला असता तर त्या गप्प उभ्या राहिल्या असत्या. आता त्यांना ते पडद्यावरचं सगळं वाचता येत होतं. "नाही, बिघडलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "अचानक बंद पडला ना, म्हणून तो आपलं सगळं जागेवर आहे का ते तपासतोय. माणूस पडल्यावर आधी हातपाय चाचपून बघतो, तसं. हे बघा, इथं तो सांगतोय की एवढं तपासून झालं. हा आकडा पुढं जाईल. आपण थांबू."

आणि सगळे थांबले. अध्यक्षसुद्धा. बाईंनी एकेक ओळ वाचून दाखवली, आणि ती काय म्हणते ते मराठीत सांगितलं. मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हवालदारांची मान प्रत्येक ओळीला हलत होती. आकडा शेवटाला पोचला. अबोलीनं डोळे पुसून हुकूम दिला. निळी पाटी उलगडली, घाट उभा राहिला, आणि शेवटच्या पायरीखाली कृष्णा आली. देवळाचा कळस उलटा होऊन पाण्यात उतरला आणि हलायला लागला.

पुढं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी नकळत पदर सावरून हात जोडले. मग मागच्यांनी पुढच्यांना ढकलायला सुरुवात केली आणि हरिबाला दारात उभं राहून रांग लावावी लागली.

"हे त्याच मशीनवर?" मयूरीनं विचारलं. "जे आम्ही कंपनीतून जुनं म्हणून काढलं, त्यावर?"

"त्याच," बाई म्हणाल्या. "एका घरातला हिरवा तेवढा कमी आहे."

मयूरीला ते कळलं नाही, पण ती खुर्ची ओढून अबोलीशेजारी बसली आणि अबोलीनं तिला सोळा घरांचा सगळा हिशेब समजावून सांगितला. अध्यक्ष तो उभ्यानं ऐकत होते. बाहेर पडताना ते मोठ्या बाईंना म्हणाले, "क्लासवाल्यांना नको म्हणून कळवा. खोली थत्तेबाईंकडंच राहू दे."

थत्तेबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "मग आठवड्यातले दोन तास चित्रकलेला परत द्या," त्या म्हणाल्या. "ह्याच खोलीत. कागदावर काढता आलं नाही तर पडद्यावर काय लावणार?"

अध्यक्षांनी मोठ्या बाईंकडं पाहिलं, मोठ्या बाईंनी अध्यक्षांकडं, आणि तास मिळाले. पुढच्या सोमवारी हरिबानं जिन्याखालचे बोर्ड आणि स्टुलं परत खोलीत आणली. खिडकीकडच्या बाजूला ती मांडली, भिंतीकडच्या बाजूला संगणक. पुढं कितीतरी वर्षं ती खोली तशीच होती.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर हवालदार आपल्या बायकोला, राजेश्वरीला, घेऊन आले. दिवाळीभर नवरा घरी टिकला नव्हता, आणि तो कुठं अडकला होता ते तिला बघायचं होतं. अबोलीनं तिला खुर्ची दिली. राजेश्वरी बराच वेळ ते हलणारं पाणी बघत राहिली. मग थत्तेबाईंकडं वळून म्हणाली, "आवं बाई, पाणी झ्याक हाय. पर ह्यात मासं न्हाईत व्हय?"

हवालदार हसायला लागले. थत्तेबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, एक कोरा कागद ओढला आणि राजेश्वरीला विचारलं, "तुमच्याकडं विहिरीत कसले मासे असतात? जरा नीट सांगा."